डोंगर, ढग आणि रात्री दीडची यादी

"पापुआला जायचं ठरल्यापासून झोप उडालीय. तिथं किती विमानं डोंगरावर आदळलीत, तुम्ही बघितलंय का?" हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला आलेले गृहस्थ बेचाळीस वर्षांचे. मूळचे जुन्नरकडचे, पुण्यातल्या जनरेटरच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) इंडोनेशियाच्या पापुआ भागात वामेना नावाचं गाव आहे. ते बालीएम खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाच हजार फुटांवर वसलंय. भोवती डोंगर, आणि तिथं पोचायचं तर व्यवहारात विमानच. त्यांच्या कंपनीचे दोन जनरेटर तिथं जाऊन पडले होते आणि यांनी दोनदा तिकीट रद्द केलं होतं.

डोंगराळ भागातल्या विमानप्रवासाची अशी धास्ती घेऊन बरेच जण येतात. घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'रस्त्यावर जास्त माणसं मरतात.' ते खरं आहे, पण उपयोगाचं नाही. हे गृहस्थ स्वतःलाच रोज ते सांगत होते. रात्री अकराला फोन हातात घ्यायचे, दीडला ठेवायचे. मध्ये अपघातांची यादी, फोटो, मृतांचे आकडे. बायको कूस बदलून म्हणायची, "अहो, झोपा आता, काही होत नाही." त्यावर दहा मिनिटं बरं वाटायचं आणि पुन्हा फोन. दिवसाकाठी आठ-दहा वेळा असा दिलासा मागितला जात होता.

वाचन बंद करा असं त्यांना सांगितलं नाही. बंदी घातली की माणूस चोरून वाचतो. सांगितलं ते इतकंच, की वाचताय तर शेवटपर्यंत वाचा, म्हणजे चौकशी अहवालातल्या कारणांपर्यंत. रात्रीची यादी मृतांच्या आकड्यावर थांबते. १९५७, १९९७ आणि २०१५ तिथं एकाच ढिगात पडलेले असतात.

वहीचं आडवं पान घेतलं, त्यावर चार रकाने. कधी-कुठे-कोणतं विमान, डोंगर दिसत होता का, इशारा मिळाला का आणि मिळाल्यावर काय केलं, ती गोष्ट आज कशी आहे. एका बैठकीत जास्तीत जास्त दोन अपघात. सुरुवातीला आणि शेवटी भीतीला शून्य ते शंभरात गुण द्यायचे.

पहिली नोंद १९ फेब्रुवारी १९८९ची. सिंगापूरहून क्वालालंपूरला येणारं मालवाहू ७४७. कंट्रोलरनं खाली उतरण्याची परवानगी देताना उंची सांगितली 'टू फोर झिरो झिरो', म्हणजे २,४०० फूट. वैमानिकांनी त्यातला 'टू' 'पर्यंत' या अर्थानं घेतला आणि ४०० फुटांकडे निघाले. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजत होता. कुणी विमान वर खेचलं नाही. चौघे गेले.

दुसरी नोंद २६ सप्टेंबर १९९७, सुमात्रातलं मेदान. जंगलांच्या आगींचा धूर इतका की दिसणं जवळजवळ बंद. उतरण्याच्या तयारीत असलेल्या एअरबस ए-३०० आणि कंट्रोलर यांच्यात डावीकडे वळायचं की उजवीकडे याचा गोंधळ झाला आणि विमान डोंगराळ भागात गेलं. २३४ माणसं. इथं इशारा वाजलाच नाही. गृहस्थांची पेन्सिल थांबली. "का वाजला नाही?"

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पन्नास वर्षांची सुधारणा त्याच्या उत्तरात आहे. जुनी यंत्रणा रेडिओ लहरींनी फक्त पोटाखालची जमीन मोजायची. खालची जमीन हळूहळू वर येत असेल तर ती ओरडायची, पण समोर कडा उभा असेल तर तिला दिसायचा तो अगदी शेवटी. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पुढची पायरी गाठली. विमानाची जागा उपग्रहावरून घ्यायची, ती जमिनीच्या साठवलेल्या नकाशाशी ताडायची आणि पुढच्या डोंगराचा इशारा आधीच द्यायचा. मोठ्या प्रवासी विमानांत आज हीच यंत्रणा असते. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आता समोरचं दिसतं.' गुण ७०वरून ५५वर आले.

मग ते बिघडलं, आणि हे सांगितलंच पाहिजे. तिसरी नोंद ९ मे २०१२, जकार्ताजवळचा सालाक डोंगर. नवं कोरं सुखोई सुपरजेट हे रशियन प्रवासी विमान, ग्राहकांना दाखवण्यासाठीचं उड्डाण. धडकेच्या ३८ सेकंद आधी समोर डोंगर असल्याचा इशारा मिळाला. मुख्य वैमानिकानं नकाशातच चूक असेल असं समजून यंत्रणा बंद केली. त्याआधी कॉकपिटमध्ये पाहुण्याशी गप्पा चालल्या होत्या. नंतरच्या सिम्युलेटर चाचणीत दिसलं, की पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत विमान वर खेचलं असतं तरी सगळे ४५ जण वाचले असते.

चौथी नोंद खुद्द पापुआतली. १६ ऑगस्ट २०१५, सेंटानीहून, म्हणजे जयापुरा शहराच्या विमानतळावरून, डोंगरातल्या ओक्सिबिलला निघालेलं एटीआर ४२, ५४ माणसं. ठरलेल्या मार्गानं न जाता ढगातून थेट उतरायला गेले आणि सुरक्षित उंचीच्या खाली आले. आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये डोंगराचा इशारा नाहीच. त्या कंपनीचे काही वैमानिक 'उगाच वाजतं' म्हणून या यंत्रणेचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवत, असं अहवालात आहे.

गृहस्थ ताडकन म्हणाले, "म्हणजे साइटवर एलएलओपी ट्रिप सारखी येते म्हणून सेन्सरची वायर काढून ठेवतात, तसंच की हे!" तेलाचा दाब पडला की इंजिन बंद करणारी ही सोय. ती बायपास करून चालवलेली आणि जॅम झालेली किती इंजिनं त्यांनी उघडली होती! त्या दिवशी भीतीचे गुण ८०वर गेले. नेमकी माहिती मिळाली की भीती आधी वाढते. समुपदेशक इथं घाबरून 'पण तुमचं विमान सुरक्षितच आहे' म्हणाला, तर आधीचं सगळं काम वाया जातं. त्यांना खरं तेच सांगितलं. इंडोनेशियाच्या सर्व विमान कंपन्यांवर युरोपीय संघानं २००७मध्ये बंदी घातली होती. ती २००९पासून टप्प्याटप्प्यानं उठत जून २०१८मध्ये पूर्ण उठली. तरीही पापुआच्या डोंगरातली फेरी आणि पुणे-दिल्ली फेरी यांत धोका सारखा नाही. मग वाढलेली भीती कुठल्या कामाला लावायची, एवढाच प्रश्न उरतो.

तिला त्यांनी चार कामं दिली. तिकीट फक्त नियमित वेळापत्रकाच्या विमानाचं, छोट्या चार्टरचं नाही. फेरी सकाळची पहिली, कारण त्या खोऱ्यांत सकाळी उघडीप असते आणि दिवस चढला की डोंगरांवर ढग जमतात. वजन विचारलं तर स्वतःचं आणि टूलकिटचं खरं सांगायचं. विरळ हवेत तेवढाही फरक पडतो. चौथं काम सर्वांत अवघड होतं, ते म्हणजे साहेबांना मेल, 'जाताना एक आणि येताना एक मोकळा दिवस हवा.' 'आज पोचायलाच हवं' हा दबाव वैमानिकाच्या डोक्यावर बसतो तसा प्रवाशाच्याही बसतो. घाटात धुकं असताना 'रोजचा रस्ता आहे' म्हणत गाडी दामटणारा ड्रायव्हर आठवा. मेल तीनदा लिहून खोडला गेला. साहेबांनी दोन ओळींत होकार दिला.

बाकीचं नेहमीचंच, पण नेमानं. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात. संध्याकाळी सहा ते सहा-वीस काळजीची वेळ. दिवसभरातले 'जर-तर' तेव्हाच वहीत. बायकोचं उत्तर बदललं: "हे सहाच्या वहीत लिहा." पहिल्या आठवड्यात तिलाच ते फार कठोर वाटलं. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दिवसातून दोनदा पाच मिनिटं, आणि शांत असताना. फक्त घबराटीत केला तर तो घबराटीचीच खूण होऊन बसतो. मग भीतीला एकेक पायरीनं सामोरं जाणं. टेकऑफचे आवाज कानाला लावून वीस मिनिटं, भीती आपोआप निम्मी होईपर्यंत. पुणे-दिल्ली जाऊन-येऊन. हादरे बसू लागले की खुर्चीचा हात आवळायचा नाही, डाव्या हातानं कागदावर नाव लिहीत राहायचं. दारू नाही. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. छातीत धडधड, गुदमरणं असे झटके वारंवार येत असतील किंवा माणूस स्वतः अपघातातून वाचलेला असेल, तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. त्यांनी विमानं दाखवणारं अॅप घेतलं आणि सेंटानी-वामेनाच्या फेऱ्या बघत बसले. एक पिवळं विमान डोंगरांवर आलं आणि पडद्यावरून गायब! रात्रभर जागरण. सकाळी तेच विमान परतीच्या फेरीवर दिसलं. जमिनीवरच्या रिसीव्हरला विमान सरळ रेषेत दिसावं लागतं. मध्ये डोंगर आला की खूण पुसली जाते, विमान नाही. अॅप काढलं.

एक गोष्ट उशिरा निघाली. लहानपणी आजोबा सांगायचे, जुन्नरच्या डोंगरावर पावसात विमान पडलं होतं. ते खरं आहे. ७ जुलै १९६२, बँकॉकहून मुंबईला येणारं इटालियन डीसी-८, वेळेआधी खाली उतरलं, ९४ माणसं. वहीत पाचवी नोंद झाली. तिसऱ्या रकान्यात त्यांनी रेघ मारली. समोरचा डोंगर सांगणारी यंत्रणा तेव्हा नव्हतीच.

ते गेले. सेंटानीहून सकाळच्या फेरीनं निघाले, गुण ७५. वीस-पंचवीस मिनिटांत विमान वळलं, खोरं ढगात होतं, आणि पुन्हा सेंटानीला उतरलं. शेजारचे प्रवासी वैतागले. यांनी बायकोला मेसेज केला, "परत आलो. उद्या जातो," आणि चहा घेतला. वहीत त्या तारखेसमोर तिसऱ्या रकान्यात 'ढग. मागे फिरले.' आणि गुण ३०. दुसऱ्या दिवशी पोचले, तर एका जनरेटरची बॅटरी उतरलेली.