सतराव्या शतकातला इंग्लंडचा ख्रिस्ती लेखक जॉन बन्यन भांडी सांधणारा होता, लढाईवरही जाऊन आला होता. फारसं शिक्षण नसताना तो एवढा मोठा उपदेशक कसा झाला, असं तुम्ही विचारलंत.

माझं मत उलटं आहे. तो त्या धंद्यामुळेच उपदेशक झाला.

माझे वडील कल्हई करायचे. भाता, नवसागर, कथिल, कापसाचा बोळा एवढं सामान घेऊन गावोगाव हिंडायचे. आंबट ताक कळकणार नाही असं पातेलं करून देणाऱ्या माणसाला लोक अंगणाच्या पुढे येऊ देत नसत. म्हणून बन्यन वाचताना मला तो परका वाटत नाही.

शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, 1628 मध्ये, इंग्लंडात बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी तो जन्मला. बाप फिरून भांडी सांधायचा, तेच काम पोराच्या हाती आलं. त्याचं नाव आणि 1647 हे साल कोरलेली ऐरण आजही बेडफर्डच्या संग्रहालयात आहे.

1644 च्या जूनमध्ये आई गेली, जुलैत बहीण गेली, आणि थोड्याच दिवसांत वडिलांनी पुन्हा लग्न केलं. त्याच नोव्हेंबरात सोळा वर्षांचा बन्यन पार्लमेंटच्या सैन्यात, न्यूपोर्ट पॅग्नेलच्या ठाण्यात होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या त्या युद्धाबद्दल त्याने फार थोडं लिहिलंय. एक प्रसंग मात्र त्याला विसरता आला नाही. एका वेढ्यावर जाणाऱ्यांत त्याची निवड झाली होती. ऐन वेळी दुसरा सोबती म्हणाला, तुझ्या जागी मी जातो. तो गेला, पहाऱ्यावर उभा असताना डोक्यात गोळी लागली आणि तिथेच संपला.

सैन्यातून सुटल्यावर लग्न झालं, तेव्हा घरात ताट-चमचासुद्धा नव्हता. बायकोने माहेरून दोन धार्मिक पुस्तकं आणली होती, तेवढीच. आणि मग तो दिवस आला. कामासाठी बेडफर्डला गेला असताना तीन-चार गरीब बायका दारात उन्हात बसून देवाविषयी बोलताना दिसल्या. धर्मावर वाद घालण्यात तो स्वतः पटाईत होता, म्हणून जवळ जाऊन ऐकू लागला, तर त्यांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं. भांडी सांधायला दारोदार फिरला नसता तर हे त्याच्या कानी पडलंच नसतं. त्या बायका जॉन गिफर्ड या पाळकाच्या मंडळीतल्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांतल्या. हे गिफर्ड युद्धात राजाच्या बाजूचे अधिकारी होते. समोरासमोर लढलेल्या दोन सैन्यांतली माणसं अशी एका मंडळीत आली. बन्यनचा बाप्तिस्मा तिथेच झाला आणि 1655 च्या सुमारास तो उपदेश करू लागला. (पुढे त्याने ठामपणे लिहिलं की बाप्तिस्म्यावरून कुणाला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, मज्जाव करू नये. यावरून काही बाप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी समजून बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे, त्याच्यावर रागावले. मला तो इथेच सर्वांत मोठा वाटतो.)

1660 मध्ये इंग्लंडात राजेशाही परतली आणि परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून नोव्हेंबरात त्याला पकडलं. न्यायाधीश कीलिंगसमोर त्याने येशूचा शिष्य पेत्र याचं बायबलमधलं वचन सांगितलं, की ज्याला जे कृपादान मिळालं त्याने ते वापरावं. कीलिंगने अर्थ लावला, दान म्हणजे धंदा. तुला भांडी सांधायचं दान मिळालंय, तर जा, भांडी सांध!

उपदेश सोडतो एवढं म्हटलं असतं तर सुटका होती. तो म्हणाला नाही, आणि बारा वर्षं आत राहिला. घरी वारलेल्या पहिल्या बायकोची चार मुलं, त्यांतली थोरली मेरी जन्मांध. पोटासाठी तो तुरुंगात बसून नाड्यांना धातूची टोकं बसवायचा, शेकड्यांनी. मुलांची, त्यातही मेरीची आठवण आली की हाडावरून मांस सोलल्यासारखं व्हायचं, असं त्याने लिहिलंय.

1661 च्या ऑगस्टमध्ये दुसरी बायको एलिझाबेथ त्याच्या सुटकेसाठी न्यायाधीशांपुढे उभी राहिली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि नवऱ्याच्या अटकेच्या धक्क्याने तिचं मूल गेलं होतं. त्याचा धंदा काय, असं विचारल्यावर कुणीतरी म्हणालं, भांडी सांधतो. ती म्हणाली, हो, आणि तो भांडी सांधणारा गरीब माणूस आहे म्हणूनच त्याला तुच्छ लेखतात, न्याय मिळत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या बाईने तेव्हाच दिलंय.

तो 1672 मध्ये सुटला. 1678 मध्ये त्याचं यात्रेकरूचं पुस्तक, ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’, आलं. पाठीवर ओझं घेऊन चालणारा माणूस त्याने ज्या बारकाईने रंगवलाय, ते चालून पाय दुखलेल्यालाच सुचावं. मराठीत ते हरि केशवजींनी 1841 मध्येच ‘यात्रिकक्रमण’ नावाने आणलं. शक्य झालं तर तेही वाचा.

1685 मध्ये, पुन्हा अटक होईल या भीतीने, त्याने होतं नव्हतं ते एलिझाबेथच्या नावे करून दिलं. तोवर त्याचं नाव देशभर झालं होतं. त्या कागदावर स्वतःची ओळख म्हणून त्याने एकच शब्द लिहिला: तांबट.