पोळ्यानंतर बैलाने रवंथ का सोडला?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. पोळा फुटल्यावर आमची जोडी गावात घरोघरी नेली. घरचा ठोंबरा (शिजवलेली ज्वारी) झालाच होता, वर प्रत्येक दारी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैलाने रवंथ सोडला, कुटाराला तोंड लावेना, दुपारी आंबूस वासाचं पातळ शेण टाकलं. डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं, औषध पाजलं, जनावर वाचलं. पण अजून तो पाय जपून टाकतो. जोडीदाराने तेच खाल्लं, त्याला काही झालं नाही. तो उन्हाळ्यात वाळला होता म्हणून त्याला आषाढापासून भरडा आणि सरकीची ढेप चालू होती. ज्वारी-गहू आम्हाला पचतात, मग बैलाला कसे बाधले? आणि पोटात आम्ल असतंच, तर ते एरवी पोटालाच का जाळत नाही?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात. आपल्या जठरात आणि बैलाच्या चौथ्या पोटात खरोखर जाळणारं आम्ल असतं. तिथलं अस्तर अंगावर बुळबुळीत थर सतत पाझरत ठेवतं, त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो, आणि झिजलेल्या पेशींच्या जागी काही दिवसांत नव्या येतात. पण बैलाचा चारा चौथ्या पोटात थेट जात नाही. तो आधी डाव्या कुशीतल्या कोटीपोटात मुरतो. तिथे पाचकरस नाही. तिथे सूक्ष्मजीव राहतात, आणि ते कडबा, कुटार आंबवून बैलाला ताकद देतात. आंबवणं आलं की आम्ल आलंच. आणि या कोटीपोटाला तो बुळबुळीत थर नसतो! त्याचं आतलं अस्तर आपल्या कातडीसारखं, वरून राठ पेशींचं असतं.

मग त्याला सांभाळतं कोण? लाळ. जनावर दिवसाचे सात-आठ तास रवंथ करतं, आणि चांगल्या मोठ्या गाईची लाळ दिवसाला १०० लिटरच्या वर जाते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्यातलाच क्षार असतो. तयार झालेलं आम्ल काही अस्तरातून रक्तात शोषलं जातं, उरलेलं लाळ मारते, आणि कोटीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ वर टिकतो. बैल सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करतो तेव्हा तो आराम करतोय असं आपण म्हणतो. खरं तर तो तेव्हा आपलं पोट राखत असतो. म्हणून दुपारी सोडल्यावर त्याला लगेच पुन्हा जुंपू नका, हे मी प्रत्येक गावात सांगतो.

आता पोळ्याचं जेवण पाहा. शिजलेली ज्वारी, मऊ पोळी, गुळाचं पुरण. यात चघळण्यासारखं काहीच नाही, म्हणजे लाळ थोडी. उलट पिठूळ आणि गोड पदार्थ झपाट्याने आंबतात. दह्यात असतं तेच लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू काही तासांत माजतात, सामू ५ च्या खाली उतरतो, कडबा पचवणारे जीव मरतात आणि कोटीपोट हलायचं थांबतं. रवंथ थांबला की लाळही आटते. राखण नेमकी गरजेच्या वेळीच उठून जाते. दाट आम्ल रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं, म्हणून शेण पातळ, डोळे खोल, म्हणूनच सलाईन. याला आम्लविषार म्हणतात. अस्तर भाजलं की तिथून जंतू यकृतात जाऊन गळूही करू शकतात.

आपल्याला तीच ज्वारी पचते, कारण ती आधी आपल्या जठरात आणि लहान आतड्यात जाते. जंतूंच्या वाट्याला फक्त उरलंसुरलं येतं. बैलाच्या पोटात जंतूंची पंगत पहिली बसते.

तुमचा दुसरा बैल भरड्यामुळे वाचला असावा. दाणा हळूहळू वाढवत नेला तर दोन-तीन आठवड्यांत लॅक्टिक आम्ल खाणारे जंतू वाढतात आणि अस्तराची शोषण्याची ताकदही वाढते. कडब्यावरच्या बैलाला ही सवय एका दिवसात लागत नाही. लग्नसराईत उरलेला भात आणि पोळ्या टोपलं भरून गाईपुढे ओतल्या जातात, तिथेही हेच होतं, आणि त्यातल्या काही गाई मी उठवू शकलेलो नाही.

पोळ्याचा घास बंद करा असं मी सांगणार नाही. आदल्या दिवशी खांदे शेकून, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं आपण त्यांना सांगतो. ते जेवण त्यांचं हक्काचं आहे. फक्त सकाळी आधी कडब्याने पोट भरू द्या, ठोंबरा ओंजळभरच ठेवा, दारोदारी एक घास घ्या आणि बाकीच्या पोळ्या फडक्यात बांधून घरी आणा. शिंगांची बेगड आणि प्लॅस्टिकच्या माळा त्याच रात्री उतरवा. माळेतली तार गिळली गेली तर ती पुढच्या जाळीपोटात जाऊन बसते, आणि तिथून काळीज फार लांब नाही.

राहिला लंगडा पाय. आम्लविषारात पोटातली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, खुराच्या आतल्या नाजूक भागाला सूज येते, आणि कडक खुराला फुगायला जागा नसते. दुखणं त्याचं आहे. बैल मऊ जमिनीवर बांधा, औताला लावू नका, खूर डॉक्टरांना दाखवा. घरातली माणसाची दुखण्याची गोळी मात्र अजिबात देऊ नका. अशा गोळ्यांतलं डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मेली. शिवाय अशा बऱ्याच औषधांनी चौथ्या पोटातला तो बुळबुळीत थरच पातळ होतो. शेण काळं आणि चिकट दिसलं, तर तिथे व्रण पडून रक्त जातंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.