पोटाला लागलं, पण रक्त गेलं नाही

प्रश्न : सातवा महिना आहे. भांडणात नवऱ्याने ढकललं, टेबलाची कड पोटावर लागली. अंगावरून काही गेलं नाही, बाळ हलतंय. तरी दाखवू का?

हो, आणि आजच. अशा माराने वार (बाळाला रक्त पुरवणारी, प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते. रक्त तिच्यामागेच साठतं, बाहेर थेंबही दिसत नाही. सोनोग्राफीत ते दर वेळी सापडतंच असंही नाही. म्हणून बाळाचे ठोके निदान ४ तास मशीनवर पाहतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं; आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून ते देतात. घरी आल्यावर पोट कडक झालं, पाणी गेलं, हालचाल मंदावली, तर पुन्हा जा. आणि डॉक्टरांना 'पाय घसरला' सांगू नका. मार कसा लागला त्यावर आमची तपासणी ठरते. नवरा खोलीतून हलत नसेल तर लघवी तपासायच्या निमित्ताने नर्सबरोबर बाहेर पडा. ही युक्ती आम्हाला नवी नाही.

प्रश्न : तो हात उचलत नाही, पण सतत घालूनपाडून बोलतो. पैसे, फोन त्याच्याच ताब्यात. याने बाळाला काय होणार?

सततच्या धास्तीने आईच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं, झोप आणि भूक जाते. त्याहून साधी गोष्ट म्हणजे पैसे मागायला नकोत म्हणून तपासणी टळते, गोळ्या संपतात, वाढलेलं बीपी कुणाला कळत नाही. अशा घरांत ३७ आठवड्यांआधीची प्रसूती आणि अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची बाळं जास्त आढळतात. तुमच्या बाळाचं तसंच होईल असं नाही. 'तू टेन्शन घेतेस म्हणून' हे वाक्य मात्र ऐकून घेऊ नका. टेन्शन देणारा समोर आहे.

प्रश्न : बाळ झालं की तो निवळेल, असं आई म्हणते.

मला तसा भरवसा नाही. रात्रीची रडारड आणि अपुरी झोप यांत मारहाण बऱ्याचदा चालूच राहते. आई खचली की अंगावर पाजणंही लवकर सुटतं. त्याने कधी गळा दाबला आहे का? एकदा जरी दाबला असेल, तरी जिवाचा धोका पुढे कितीतरी वाढतो. तेव्हा घर सोडायला प्रसूतीची वाट पाहू नका. कागदपत्रं आणि औषधं विश्वासातल्या कुणाकडे आधीच ठेवा. निघताना त्याला सांगू नका. तीच वेळ सर्वांत धोक्याची असते.

प्रश्न : बहिणीलाही नवरा त्रास देतो अशी शंका आहे. कसं विचारू?

ती एकटी असताना. मेसेज नको, तिचा फोन नवरा वाचत असेल.