तीन वर्षांची फी एकदम भरू का?

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६. तीन वर्षं दोघांना घरीच शिकवतोय. आतापर्यंत दोन अभ्यासक्रम बदलून झाले. आता 'क्लासिकल' पद्धत पटली आहे: लॅटिन, तर्कशास्त्र, जुने ग्रंथ. अमेरिकेतल्या एका संस्थेचे ऑनलाइन वर्ग दोघांचे मिळून वर्षाला २,४०० डॉलर, पुस्तकं वेगळी, साधारण ६०० डॉलर. तीन वर्षांची फी एकदम भरली तर वर्गांवर १५ टक्के सूट आहे, पण पहिल्या सत्रानंतर पैसे परत मिळत नाहीत. ६ लाखांची एफडी मोडून फी भरायची आणि पुस्तकांसाठी महिना १५,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडाचा हप्ता) तीन वर्षं थांबवायची, असं ठरतंय. पती हिंजवडीत आयटीत आहेत, मी नोकरी सोडली आहे. घराच्या हप्त्यासकट खर्च महिना ८५,०००. सध्या मुलांच्या शिकण्यावर वर्षाला ७०,००० जातात. एफडी मार्चमध्ये संपते. काय करावं?

उत्तर:

ताई, पद्धत चांगली की वाईट हे सांगणारा मी कोण? पण तिची रचना थोडी वाचली, आणि तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच सापडलं.

व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन युरोपातल्या शिक्षणाची त्रयी. तिला मुलांच्या वयाशी जोडलं डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने, १९४७ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात. पहिल्या, म्हणजे व्याकरणाच्या टप्प्याला तिने नाव दिलं चक्क 'पोपट'. या वयात मुलं ऐकलेलं धडाधड पाठ करतात आणि त्यातच त्यांना मजा येते. दुसरा टप्पा उलट उत्तरं देण्याच्या वयाचा, साधारण अकरा-बारापासून; तिथे तर्कशास्त्र. तिसरा त्यानंतर, स्वतःचं म्हणणं नीट मांडण्याचा.

तुमची दोन्ही मुलं अजून पोपट आहेत. या टप्प्याला लागतं काय? शब्दरूपं, गोष्टी, सनावळ्या, पाढे, आणि रोज म्हणवून घेणारं एक माणूस. आपल्या आजोबांच्या पिढीने संध्याकाळी परवचा म्हटला, पावकी-निमकी घोकली, ती फुकटात. खरा खर्च पुढे येतो. वाद घालायला तयारीचा शिक्षक लागतो, निबंध तपासणारं कुणीतरी लागतं, आणि तिथे फी द्यावीच लागते. म्हणजे ज्या तीन वर्षांत या पद्धतीला सगळ्यात कमी पैसे लागतात, त्याच तीन वर्षांसाठी तुम्ही तिजोरी रिकामी करताय.

आता सूट. डॉलर ९० रुपये धरला तर तीन वर्षांचे ७,२०० डॉलर सूट वजा जाता ६,१२० होतात, म्हणजे ५,५०,८०० रुपये. क्रेडिट कार्डाने भरलेत तर परकीय चलनाचा आकार ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आणखी २२,७०० च्या आसपास. (बँकेतून पाठवलेत तर रक्कम वर्षाला १० लाखांच्या आत आहे, त्यामुळे टीसीएसची, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक वसूल करते त्या कराची, काळजी नको.) सूट घेतल्याने वाचतात १,०८० डॉलर, म्हणजे ९७,२०० रुपये. एफडीचं व्याज बुडेल ते वजा करूनही ही सूट खरी आहे. रुपया घसरत गेला तर आणखी फायद्याची. हे मी नाकारत नाही.

पण एका वर्षात मन बदललं तर? तेव्हा २,४०० च्या जागी ६,१२० डॉलर गेलेले असतील. ३,७२० डॉलर, म्हणजे ३,३४,८०० रुपये पाण्यात. एका बाजूला ९७ हजारांची बचत, दुसऱ्या बाजूला ३ लाख ३५ हजारांचा खड्डा. हिशेब मांडला तर पहिल्याच वर्षानंतर सोडण्याची शक्यता शंभरात २२-२३ पेक्षा जास्त असेल तेव्हा ही सूट तोट्याची ठरते. आणि तीन वर्षांत दोन अभ्यासक्रम बदलल्याचं तुम्हीच लिहिलंय. यात टोमणा नाही, घरी शिकवणारे पालक बदलत बदलतच शिकतात. मीही मुलीच्या कीबोर्डच्या क्लासची वर्षाची फी सवलतीपायी एकदम भरली होती. तिसऱ्या महिन्यात सर बंगळूरला गेले, कीबोर्ड अजून माळ्यावर आहे.

याहून मोठी गोष्ट एफडीची. ती तुम्हाला पडून राहिलेली रक्कम वाटते. मला ती पतीची नोकरी गेली तर सात महिने घर चालवणारी रक्कम दिसते. फी आणि कार्डाचा आकार गेल्यावर तिच्यात साडेसव्वीस हजार उरतात. महिना ८५,००० च्या घरात हे नऊ दिवस पुरतील. शिवाय आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तोही जातो. वेगळा नसेल तर लॅटिनच्या आधी तो घ्या.

एसआयपीचं मात्र मला कोडंच पडलं. पुस्तकं वर्षाला ५४,०००, म्हणजे महिना ४,५००. त्यासाठी १५,००० का थांबवायचे? आणि जुना अभ्यासक्रम बंद झाला की त्याचे पैसे सुटतीलच. ७०,००० मधून पोहणं-चित्रकला असं काही असेल ते वगळून जे उरेल त्यात बरीचशी पुस्तकं बसतात. मुलगी १८ ची व्हायला ९ वर्षं आहेत. दहा टक्के परतावा धरला (धरला, हमी नाही) तर १५,००० च्या एसआयपीचे तेव्हा २६ लाख होतात, आणि त्यातले ११ लाखांहून जास्त पहिल्या तीन वर्षांच्या हप्त्यांमुळे. थांबवायचीच वेळ आली तर शेवटची तीन वर्षं थांबवा, पहिली नकोत.

मी काय केलं असतं? मुलासाठी एकही वर्ग विकत घेतला नसता. मुलीला एकच विषय, लॅटिन, तोही सत्रासत्राने फी भरून. सूट गेली तर जाऊ दे. वर्गाची वेळ आधी विचारा: तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, नोव्हेंबरपासून साडेआठ. वर्ग तिकडच्या दुपारचा असेल तर नऊ वर्षांचं पोर मध्यरात्री लॅटिन घोकणार. पुस्तकं शक्यतो जुनी घ्या. इसापपासून युक्लिडपर्यंत बरंच काही स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. नवी मागवलीत तर ५ टक्के सीमाशुल्कापेक्षा कुरिअरच जास्त टोचेल.

आणि लॅटिनच का, हा प्रश्न मी फक्त पैशाच्या अंगाने विचारतो. संस्कृतची रूपावली आणि अमरकोश अप्पा बळवंत चौकात मिळतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ संस्कृतच्या परीक्षा घेतं, आणि शिकवणारं माणूस या शहरात रिक्षाच्या अंतरावर सापडतं. पाठांतरापासून तर्काकडे जायची वाट याही भाषेत आहे, आणि फी रुपयांत. लॅटिनवरच मन असेल तर लॅटिन घ्या, पण हा पर्याय घरी बोलून मग सोडा.

दहावीचा खर्च आतापासून वेगळा धरायला नको. एनआयओएसच्या (केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या) दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, बाहेरून परीक्षा द्यायला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, पण त्याला किमान पाचवी पास झाल्याचा कागद लागतो. तो कसा मिळवायचा हे मुलगी दहाची व्हायच्या आत बघून ठेवा. करसवलतीवर विसंबू नका. जुन्या करपद्धतीतली शिकवणी शुल्काची वजावट भारतातल्या शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती आहे, परदेशी ऑनलाइन वर्गाची पावती तिथे चालत नाही.

मार्चमध्ये एफडी संपेल तेव्हा ती एकसलग परत ठेवू नका. दोन-दोन लाखांच्या तीन पावत्या करा, सहा महिने, एक वर्ष, दीड वर्ष अशा. एखादी मोडायची वेळ आली तर बाकीच्या दोनांचं व्याज शाबूत राहील.