बाईकसाठी वेगळा जीपीएस घेऊ की मोबाईलच हँडलला लावू?

तुमचा प्रश्न असा की पुण्यात राहता, क्लासिक ३५० आहे, महिन्यातून एखादी कोकण ट्रिप होते, पुढच्या उन्हाळ्यात लडाख करायचंय, आणि मित्र म्हणतायत गार्मिन कंपनीचा वेगळा जीपीएस घे, तर तो घ्यावा की मोबाईलवरच भागेल. बजेट वीस-पंचवीस हजार.

आधी उत्तर सांगतो, मग रामायण. नका घेऊ. त्याऐवजी एक जुना मोबाईल फक्त नकाशासाठी ठेवा आणि उरलेल्या पैशात चांगला माउंट, चार्जर आणि जमलं तर हेल्मेटमधला ब्लूटूथ घ्या. मी दहा-बारा वर्षं बाईकवर कोकणात उतरतोय आणि या काळात स्वतःचा एक फोन मारलाय, दुसऱ्याचा महागडा जीपीएस महिनाभर वापरून बघितलाय, त्यामुळे हे हवेतलं बोलत नाहीये.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. रेंज गेली की जीपीएस जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर फिरतायत आणि तुमचा फोन त्यांचा सिग्नल नुसता ऐकतो, त्याला सिमची गरज नाही. रेंज गेल्यावर जातो तो नकाशा आणि सर्च, आणि पहिल्यांदा ठिपका सापडायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच. विश्वास बसत नसेल तर घरीच गुगल मॅप्समध्ये आपला सगळा भाग ऑफलाइन डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि गाडी घेऊन कात्रजपर्यंत जाऊन या, ठिपका बरोब्बर सरकत राहील. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसत नाही, पण ताम्हिणीत ट्रॅफिक बघून करायचंय काय. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड पण टाकून ठेवा, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात, आख्खा महाराष्ट्र फोनमध्ये बसतो आणि वाडी-वस्तीतल्या पायवाटासुद्धा कधीकधी त्यात सापडतात.

म्हणजे नकाशाचा प्रॉब्लेम मोबाईलने कधीच सोडवलाय. खरा प्रॉब्लेम आहे तो फोन हँडलवर जिवंत ठेवण्याचा, आणि काय घ्यायचं ते यावरूनच ठरवायचं.

माझा फोन कसा मेला ते सांगतो. स्वस्तातला लोखंडी होल्डर, तो पण आरशाच्या दांड्याला लावलेला, आणि गाडी सिंगल सिलेंडर. दोन सीझन काही झालं नाही, नंतर एक दिवस हरिहरेश्वरला फोटो काढायला गेलो तर कॅमेऱ्यातून सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलतंय आणि आतून टर्र टर्र आवाज येतोय. रिपेअरवाला म्हणाला कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन गेलं, अख्खा मॉड्यूल बदलावा लागेल. लेन्स हलवून फोटो स्थिर करणारा तो नाजूक भाग असतो ना, त्याला बाईकच्या इंजिनाची थरथर सहन होत नाही. माझा ॲन्ड्रॉइड होता, पण ॲपलने तर २०२१ मध्ये स्वतःच्याच सपोर्ट पेजवर लिहून टाकलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलवर आयफोन हँडलला बसवू नका, आणि मोपेड-स्कूटरसारख्या छोट्या गाडीवर बसवलात तरी थरथर शोषणारा माउंट वापरा. तुमची क्लासिक पण एकाच सिलेंडरची, ऐंशी-नव्वदला हँडल किती गुणगुणतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून रोजचा, ईएमआय चालू असलेला फोन हँडलला लावायचा नाही. जुना फोन लावा, त्याचा कॅमेरा मेला तरी कोण रडतंय.

माउंट घेताना रबरी डॅम्पर असलेलाच घ्या, क्वाड लॉकचा वेगळा डॅम्पर मिळतो, आपल्याकडे बोबोचे पण डॅम्परवाले आहेत. तो आरशाच्या दांड्याला नको, हँडलच्या मधोमध. आणि एक रबरी दोरी जास्तीची बांधा, कशेडीच्या जुन्या रस्त्यावर मित्राचा फोन खड्ड्यात उडाला आणि मागून येणाऱ्या टेम्पोने त्याची चटणी केली, आम्ही नुसतं बघत राहिलो.

दुसरा शत्रू पाऊस. फोन आयपी ६८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाण्यात तो मरणार नाही हे खरं, पण चालणार पण नाही. काचेवर थेंब पडले की त्याला वाटतं बोट लागलं, मग नकाशा आपोआप झूम होतो, मध्येच नेव्हिगेशन बंद होतं, एकदा माझ्या फोनने निजामपूरच्या अलीकडे माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. त्यात चार्जिंगच्या भोकात ओल गेली की फोन चार्जिंग घेतच नाही, स्क्रीनवर थेंबाचं चित्र दाखवून बसतो, आणि फुल ब्राइटनेसवर तीन-चार तासांत बॅटरी संपते. पाऊच लावला तर पाणी अडतं पण आत वाफ धरते आणि ग्लोव्हजने टच होत नाही. खरं सांगायचं तर भर पावसात मोबाईलला चांगला उपाय नाहीच. मी फोन खिशात टाकतो आणि हेल्मेटमध्ये आवाज ऐकतो, बस.

तिसरं ऊन. मार्च ते मे दुपारी फोन तापतो, तापला की आपणहून ब्राइटनेस कमी करतो, म्हणजे नेमकं ऊन डोक्यावर असताना स्क्रीन काळी. आयफोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचं तापमान कंपनीच सांगते, आता आपल्याकडे एप्रिलमध्ये ३५ म्हणजे सकाळचे दहा-अकरा. त्यात चार्जिंग चालू असेल तर अजून गरम. यावर मी एवढंच करतो की ऐंशी टक्के झालं की वायर काढतो आणि जाड कव्हर घालत नाही. आणि हो, पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर फोन लावायच्या आधी गॉगल घालून स्क्रीन आडवी-उभी करून बघा, काही स्क्रीन एका दिशेने पूर्ण काळ्या दिसतात, मी दुकानदाराशी उगाच भांडलो होतो.

आता गार्मिनची बाजू पण सांगतो, कारण ती वस्तू वाईट नाही. त्यांचा बाईकसाठीचा झुमो एक्सटी २०२० मध्ये आला, साडेपाच इंची स्क्रीन, नंतर २०२३ मध्ये एक्सटी २ आला, तो सहा इंची. भर उन्हात दिसतात, जाड ग्लोव्हजने चालतात, पाऊस पडला तरी थेंबांनी वेडे होत नाहीत, थरथरीचं त्यांना काही वाटत नाही. म्हणजे वर रडलो त्या सगळ्याचं उत्तर त्यात आहे. पण एक्सटी अमेरिकेतच निघताना ५०० डॉलरचा होता आणि एक्सटी २ सहाशेचा, त्यावर आपल्याकडे आणण्याचा खर्च, तुमच्या बजेटमध्ये तो बसतच नाही. बाहेरून कोणी आणून दिला तर त्यात तिकडचा नकाशा असतो, भारताचा वेगळा घालावा लागतो. टॉमटॉम रायडरचं पण तेच, आणि त्याची स्क्रीन ४.३ इंची. युरोपातले लोक हे घेतात त्यामागे कारण आहे, ते आल्प्समधले वळणावळणाचे रस्ते घरी कॉम्प्युटरवर आखतात, त्या रस्त्याची जीपीएक्स फाइल डिव्हाइसमध्ये टाकतात आणि दहा दिवस देश बदलत फिरतात. आपली ट्रिप कशी असते? शुक्रवारी रात्री ठरतं, शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौक.

दुसरं म्हणजे आपल्या रस्त्यांची समज. मी मित्राचा वेगळा जीपीएस (कंपनीचं नाव सोडा) घेऊन दापोलीहून गुहागरला निघालो होतो, तो मला दाभोळला जाऊच देईना, सारखं यू टर्न घ्या यू टर्न घ्या, त्याच्या हिशोबाने खेड-चिपळूण फिरून शंभरेक किलोमीटर. का, तर आत सेटिंगमध्ये फेरी (म्हणजे बोट) टाळा असं टिक केलेलं. दाभोळ-धोपावे जेट्टीने गाडीसकट पलीकडे उतरलो की गुहागर समोर. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेश्वी, जयगड-तवसाळ, सगळीकडे हाच घोळ होऊ शकतो, कोकणात उतरायच्या आधी हे सेटिंग बघाच, मोबाईल असो की डिव्हाइस.

आणि टू-व्हीलर मोड. हा गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आणला आणि आपल्यासाठी तो फार कामाचा आहे, कारण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे बाईकला बंदी. कार मोडवर गेलात तर तो बिनधास्त तुम्हाला एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेऊन उभा करतो आणि मग पोलीसमामा आहेतच. पण टू-व्हीलर मोडचा उलटा त्रास पण आहे, दोन मिनिटं वाचवायला तो कुठल्याही बोळातून काढतो. गुहागर तालुक्यात एका ॲपने मला वाडीतून असं आत घेतलं की पुढे पाखाडी लागली, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, खाली उतरत गेलेल्या. एक आजोबा अंगणात बसले होते, म्हणाले "मोबाईलवाला काय? ह्या महिन्यातला तिसरा तुम्ही." गाडी वळवायला त्यांचाच नातू आला. तेव्हापासून मी निघायच्या आधी रूटमधली चार-पाच गावं कागदावर लिहून टँक बॅगच्या प्लॅस्टिकखाली घालतो, नकाशाने त्यातलं गाव सोडलं की समजायचं काहीतरी शिजतंय.

मधले पर्याय पण आहेत, पटकन सांगतो. एनफिल्डचा ट्रिपर, २०२० मध्ये त्यांच्या मिटिऑर बाईकबरोबर आला तो छोटा गोल डिस्प्ले, फक्त बाण आणि अंतर दाखवतो. बाकी सगळं काम फोनच करतो, त्यामुळे फोन खिशात सुरक्षित पण त्याची बॅटरी खर्च होतेच. हिमालयन ४५० मध्ये पूर्ण नकाशा डॅशवर येतो, पण त्यासाठी गाडी बदला असं मी म्हणणार नाही. बीलाइन मोटो तशाच बाणवाल्या जातीचा, दिसायला फार सुंदर. शिवाय हल्ली कारप्ले-ॲन्ड्रॉइड ऑटोवाल्या, म्हणजे खिशातल्या फोनचा नकाशा दाखवणाऱ्या, पाच-सात इंची स्क्रीन निघाल्यात, चिगीसारख्या, स्क्रीन बाहेर भिजते आणि फोन खिशात कोरडा, कल्पना मस्त आहे. बजेट ताणायचंच असेल तर मी गार्मिनऐवजी इकडे ताणेन. पण वायरिंग जास्त, आणि चोरीची भीती.

तर तुमच्या जागी मी काय करेन. घरात पडलेला जुना फोन असेल तर तोच, नाहीतर सात-आठ हजारांत सेकंड हँड. घेताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे उन्हात दुकानाच्या बाहेर येऊन स्क्रीन दिसते का, दुसरं त्यात कंपास सेन्सर आहे का, कारण काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो आणि मग तिठ्यावर गाडी थांबवली की बाण गोल गोल फिरतो, चाललो की ठीक होतो, पण आपल्याला दिशा तिठ्यावरच हवी असते ना. सिम नको, लागलं तर रोजच्या फोनचं हॉटस्पॉट. चार्जर निदान दोन-तीन अँपियरचा, साध्या एक अँपियरवाल्याने फुल ब्राइटनेसवर बॅटरी जागच्या जागी पण राहत नाही. चार्जरची वायर इग्निशनवरून घ्या, मध्ये फ्यूज टाकून, म्हणजे चावी काढली की बंद. थेट बॅटरीवरून घेतली आणि गाडी पावसाळाभर पार्किंगमध्ये राहिली तर सप्टेंबरमध्ये धक्का मारायला शेजारी शोधावे लागतील. मूळ वायर कापायची नाही, वॉरंटीत नाटकं होतात, कपलर लावून काम करणारा इलेक्ट्रिशियन गाठा.

हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर पैसे घालायला मात्र मागेपुढे बघू नका. आवाजावर चालवायला लागलात की आठवड्याभरात स्क्रीनकडे बघणंच कमी होतं. घाटात वळणावर नजर खाली नेणं म्हणजे काय ते वरंध्यात एकदा समोरून एसटी आली की कळतं. कायद्याचं विचाराल तर ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोन रस्ता बघण्यापुरता वापरायला मुभा आहे, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. सिग्नलला उभं राहून रील बघितलं तर ती मुभा लागू होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

लडाखचं आता. गंमत अशी की ज्याच्यासाठी लोक जीपीएस घ्यायला निघतात तिथे तो सगळ्यात कमी लागतो, मनाली-लेहला मुख्य रस्ता एकच आहे, चुकायचं म्हटलं तरी कुठे चुकणार. तिथे रेंजचा प्रश्न आहे, तो वेगळा. आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे निघायच्या महिनाभर आधी करून घ्या. आणि एक नीट लक्षात ठेवा, परदेशी व्हिडिओ बघून गार्मिन इनरीच किंवा तसलं सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र मागवू नका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावर लोक पकडले गेलेत. झुमोसारखा नुसता सिग्नल घेणारा जीपीएस वेगळा आणि हे वेगळं, दुकानात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात म्हणून सांगितलं.

वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर करणारे असाल, पावसात पण थांबत नसाल, तर माझं सगळं विसरा आणि पैसे साठवून झुमो घ्या. पण महिन्याला एक कोकण असेल तर जुना फोन पुरतो. जेट्टीच्या शेवटच्या फेरीची वेळ मात्र कुठल्याच स्क्रीनवर बघू नका, दापोलीत चहाला थांबाल तेव्हा टपरीवाल्याला विचारा, मी एकदा नकाशाच्या भरवशावर जाऊन ती रात्र दाभोळला काढलीये.