चहा कधी घेता, ते आधी विचार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेल्या बायका तुझ्यापुढे येऊन बसतील आणि तू त्यांना सांगशील, पालेभाज्या खा. मीही कित्येक वर्षं तेवढंच सांगत आले. म्हणून हे पत्र.

माझ्या गावात एक बाळंतीण होती. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचं रक्त वाढेना. गोळ्या चुलीत टाकतेस काय गं, म्हणून मी तिच्यावर चार बायकांदेखत ओरडले. मग एका पावसाळी सकाळी तिच्या घरी गेले. ती जेवायलाच बसली होती. ताटात भाकरी, लाल माठाची भाजी आणि शेजारी पेलाभर चहा. भाकरीचा तुकडा चहात बुडवायचा, वर भाजीचा घास घ्यायचा. शेवटच्या घोटाबरोबर तिनं माझ्यासमोर गोळी गिळली. तिनं एकही गोळी चुकवली नव्हती. ते ओरडणं मला अजून टोचतं.

चहातली तुरट द्रव्यं धान्य-भाजीतलं लोह पोटातच धरून बसतात, रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला तर निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. कॉफीचंही तेच. म्हणून चहा सोडा म्हणू नकोस, कुणी ऐकणार नाही. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर नको, एवढंच सांग. आपल्या भागात मराठी आणि कन्नड, दोन्हीकडे चहाला चहाच म्हणतात, तेव्हा समजवायला अडचण नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर देऊ नकोस. एक सकाळी, एक रात्री.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2020 च्या शिफारशीत बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. आकडा मोठा वाटतो. पण आपल्या जेवणातलं शंभरात आठच भाग लोह अंगी लागतं, असं धरून तो काढला आहे. म्हणजे 29 मधून रक्तात जायचं ते जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅम. मटण-मासळीतलं लोह याहून बरंच सहज शोषलं जातं, पण ते रोज कुणाच्या ताटात असतं? तेव्हा आहे त्या आठाचे दहा-बारा कसे होतील, ते बघायचं.

लिंबू हा सगळ्यात सोपा उपाय. पण ते भाजी उतरल्यावर, ताटात पिळायचं. उकळत्या आमटीत टाकलं तर त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं उष्णतेनं जातं. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो, काहीही चालेल, फक्त त्याच जेवणात हवं. संध्याकाळी खाल्लेल्या पेरूचा दुपारच्या भाकरीला उपयोग नाही.

धान्य-कडधान्याच्या सालीत फायटेट नावाचं द्रव्य असतं. तेही लोह आणि जस्त अडवतं. मटकी, हुलगे रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की ते कमी होतं. नाचणीचं पीठ ताकात आंबवून केलेल्या अंबीलातही तेच घडतं. आजीनं हे चवीसाठी केलं असेल, पण रक्ताचंही काम झालं. मैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न-संशोधन संस्थेनं 2010 साली प्रयोगशाळेत दाखवलं, की कांदा-लसणाबरोबर धान्यातलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं. तेव्हा भाकरीबरोबर फोडलेला कांदा ही गरिबाची तडजोड समजू नकोस. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची कढई घरात असेल तर आंबट भाजी तिच्यातच करायला सांग, कढईचं लोह भाजीत उतरतं.

पालकाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला असं बांधतं, की शंभरातलं पाचच भाग मिळतं. दुधातलं तीसाच्या आसपास मिळतं. कॅल्शियमसाठी दूध, ताक आणि नाचणी सांग. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं आणि मोड आणून सत्त्व केलं तर ते जास्त लागू पडतं. गाजराची कोशिंबीर तेलाच्या फोडणीशिवाय नको, कारण त्यातलं कॅरोटीन, ज्याचं अंगात अ जीवनसत्त्व होतं, ते स्निग्धाशिवाय आत जात नाही.

बी-12 जीवनसत्त्वाचं मात्र यातल्या कशानंही भागत नाही. ते भाजी-धान्यात नसतंच, मोड आणा की आंबवा. शाकाहारी घरात ते दूध-दही-ताकातून येतं. उपवास फार करणारी, ताकही न घेणारी म्हातारी पायाला मुंग्या येतात म्हणाली, तर वयाचा दोष म्हणून घरी पाठवू नकोस. रक्त तपासायला चिठ्ठी दे आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गेली का, ते विचार.

तुझी,
जुनी नर्सबाई