वहीतला राहिलेला रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीची सगळी पानं काल रात्री वाचली. चार महिने रोज सकाळी सव्वानऊच्या आत निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकाचा, अंदाज लिहायचा, त्यामागचं कारण लिहायचं आणि साडेतीननंतर खाडाखोड न करता निकाल मांडायचा, हे सोपं नाही. तुझ्या वयात मला हे जमलं नव्हतं. ब्याऐंशी दिवसांतले पन्नास अंदाज बरोबर आले, हेही मी मोजून पाहिलं. आता पर्सनल लोन काढून फ्युचरमध्ये, म्हणजे थोडी रक्कम भरून मोठा वायद्याचा सौदा करण्यात, उतरतो म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

तुझ्या वहीत एक रकाना राहिला आहे. अंदाज खरा ठरण्याआधी बाजार तुझ्या विरुद्ध किती अंक गेला, हे तू एकाही पानावर लिहिलेलं नाहीस.

माझ्या वहीतलं ३ जून २०२४ चं पान सांगतो. एक्झिट पोलनंतरचा सोमवार. निफ्टी २३,२६४ च्या आसपास बंद झाला आणि मी लिहिलं, 'आठवडाअखेर याच्या वर.' शुक्रवारी तो २३,२९० वर बंद झाला. तुझ्या पद्धतीने मोजलं तर अंदाज बरोबर. पण मध्ये मंगळवार होता, मतमोजणीचा. त्या दिवशी निफ्टी २१,२८१ पर्यंत घसरला आणि बंद होताना जवळजवळ सहा टक्के खाली होता.

ज्याच्याकडे निफ्टीच्या मागोमाग चालणारा इंडेक्स फंड होता, त्याने तो आठवडा पोटात गोळा घेऊन काढला असेल, पण शनिवारी त्याचे पैसे जागेवर होते. आता समजा, एखाद्याने दीड लाखाच्या मार्जिनवर, म्हणजे अनामत रकमेवर, फ्युचरचे दोन लॉट, म्हणजे ठरावीक नगांचे दोन गठ्ठे, घेतले. तेव्हा लॉट २५ चा होता, म्हणजे सौदा साडेअकरा लाखांच्या वर. मंगळवारच्या तळाला ढोबळमानाने नव्याण्णव हजार गेले. उरलेल्या पन्नास हजारांवर एवढा सौदा ब्रोकर उभा ठेवत नाही; भर घातली नाहीस तर तो कापला जातो. शुक्रवारी बाजार परत आला तेव्हा या माणसाकडे सौदाच नव्हता. अंदाज त्याचाही बरोबरच होता रे! फक्त मार्जिन संपायच्या आत तो खरा ठरायला हवा होता.

'काका, मी स्टॉपलॉस लावीन, ठरलेला भाव तुटला की बाहेर पडेन,' असं तू म्हणशील. मग माझंच सांगतो. २० मार्च २०२०, शुक्रवार. त्या दिवशी बाजार चांगला उसळला, ८,७४५ वर बंद झाला. पडझड आता संपत आली, असं मला वाटलं आणि मी दोन लॉट घेऊन घरी गेलो. ८,६०० तुटला की निघायचं, हे पक्कं ठरवलं होतं. सोमवारी निफ्टी उघडलाच ७,९४५ ला. माझा ८,६०० चा भाव बाजारात आलाच नाही. थोड्याच वेळात दहा टक्क्यांचं सर्किट लागलं आणि पाऊण तास व्यवहार बंद. तो पाऊण तास मी स्क्रीनसमोर नुसता बसून होतो. पुढे मार्जिनसाठी फोन आला, माझ्याकडे भरायला काही नव्हतं, सौदा निघाला. दीड लाखाहून जास्त गेले. मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. लॉकडाऊन लागला, घरातले सगळे दिवसभर समोर, आणि बायकोला हे सांगायला मला आठ दिवस लागले.

त्या सोमवारचा ७,६१० हाच बंद भावांतला त्या पडझडीचा तळ ठरला. ७ एप्रिलला निफ्टी पुन्हा ८,७९२ वर होता.

ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने सौदा करायचा नुसता हक्क, विकत घेतला तर तोटा त्याच्या किमतीपुरता, म्हणजे प्रीमियमपुरता राहतो, हे खरं. पण प्रीमियम रोज झिजतो, आणि मोठी घटना पार पडली की त्यातली हवा एकदम निघते. दिशा बरोबर असून एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, हातात शून्य आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला होता. एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर आणि ऑप्शन, करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्याच बाजारात २०२३-२४ साली नफा कमावला तो स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मोठ्या संस्थांनी, म्हणजे प्रोप्रायटरी ट्रेडरांनी, आणि परदेशी गुंतवणूकदारांनी, बहुतेक सगळा संगणकावर अल्गोरिदम चालवून. त्या ९३ टक्क्यांत तुझ्याइतकी मेहनत घेणारी मुलंही असतील, आणि हेच मला सतावतं.

लोनचं तर मी ऐकूनच घाबरलो. हप्ता ठरल्या तारखेला जाणारच. ज्याला या महिन्यात पैसे काढायचेच आहेत, तो नको त्या दिवशी सौदा करतो आणि एक हुकला की दुसरा दुप्पट करतो.

वही मात्र थांबवू नकोस. त्या ब्याऐंशी दिवसांचे वरचे आणि खालचे भाव एनएसईच्या संकेतस्थळावर मिळतील. तेजी लिहिलेल्या दिवशी उघडलेल्या भावापासून खालचा भाव किती अंक दूर, मंदी लिहिलेल्या दिवशी वरचा किती दूर, ते लाल पेनाने लिही. बरोबर आलेल्या पन्नास दिवसांचंसुद्धा. मग त्याला आजच्या लॉटने गुण आणि तुझ्या बँकेतल्या शिलकेशेजारी मांड. आदल्या दिवसाच्या बंद भावापासून उघडतानाच किती अंकांची गॅप पडली, तेही वेगळं लिही.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. वही घेऊन ये, आणि तोपर्यंत लोनच्या कागदावर सही करू नकोस.

तुझा,
काका